खोट्या वाक्याला वाजणारी घंटा

मी घंटा बोलतेय. शाळा सुटल्यावर वाजते ती नव्हे. तिचे लाड तुम्ही फार करता, मला ठाऊक आहे. मी बैलाच्या गळ्यातली, काशाची, मुठीत मावणारी. तरी श्रीवर्धनच्या हायस्कुलात निबंध शिकवण्याचे काम मी केले आहे, आणि ते मी मिरवणारच.

एका ओताऱ्याने मला घडवले. हरिहरेश्वरच्या जत्रेत भागोजीने मला विकत घेतले आणि पोवळ्या नावाच्या बैलाच्या गळ्यात बांधले. पोवळ्या पोफळीच्या वाडीतला रहाट ओढायचा. डोळ्यांवर झापड, आणि दिवसभर गोल गोल चालणे. मी वाजतेय तोवर पाणी चालू, मी थांबले की भागोजी पडवीतूनच ओरडे, "हय! चल रं लेका!" नऊ वर्षांत मी एकदाही खोटी वाजले नाही.

मग वाडीच्या मालकांनी तेलावर चालणारे इंजिन आणले. रहाट बंद पडला, पोवळ्या विकला गेला आणि मी खुंटीवर गेले. भागोजीचे रोजचे काम सुटले. त्याची मुलगी केसर हायस्कुलात जाई. अख्ख्या वर्गात ती एकटी मुलगी. तो तिला म्हणाला, "बाय, आता फी न्हाय झेपायची. दिवाळीपातूर जा, मग बास." ती भांडली नाही. पण त्या दिवसापासून हाती लागेल ते पुस्तक अधाशासारखी वाचू लागली.

शेजारी राहणाऱ्या आणि केसरच्याच वर्गाला मराठी शिकवणाऱ्या दिवेकर मास्तरांनी मला भागोजीकडून मागून नेले. पोरांच्या निबंधांचा त्यांना वीट आला होता. 'आमच्या गावची सकाळ' लिहायला सांगावी, तर बावीस निबंधांत बावीस सरोवरे, त्यांत कमळे आणि कमळांभोवती राजहंस! श्रीवर्धनात कुठले आलेत राजहंस? मास्तरांनी फर्मान काढले. ज्याने त्याने उभे राहून आपला निबंध वाचायचा. उसने आणलेले, न पाहिलेले काही आले की घंटा वाजेल. पहिल्या दिवशी माझा जीव मेटाकुटीला आला. रावजीच्या निबंधात तर मी पूर्णविरामांपेक्षा जास्त वेळा वाजले. पण महिन्याभरात हंस उडून गेले, आणि वाळत घातलेल्या सुपाऱ्या, दिघीची खाडी ओलांडताना तरीत ओकणारा मामा, बांधावरची भांडणे असे काय काय वर्गात येऊ लागले. ऐकताना मला पोरांचा अभिमान वाटे.

दिवाळीच्या तोंडावर तपासणीला साहेब आले. मास्तरांनी केसरला आधीच सांगून ठेवले होते, साहेबांना निबंध आवडला तर नादारी मिळेल, फी माफ होईल, शाळा सुटणार नाही. ती 'पोवळ्याची पाठवणी' वाचायला उभी राहिली. काय लिहिले होते पोरीने! रहाटाची कुरकुर, झापडाखालची ओल, शेणाचा वास, सगळे जसेच्या तसे. साहेबांनी चष्मा काढून हातात धरला. आणि अगदी शेवटी आले, "पोवळ्याने मागे वळून माझ्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा वाहू लागल्या."

साफ खोटे! मी खुंटीवरून सगळे पाहिले होते. मास्तरांनाही शंका आली असावी, कारण त्यांचा हात माझ्याकडे निघाला आणि टेबलावरच अडखळला. वाजवावे, तर पोरीची शाळा जाते. नका वाजवू हो, मी मनातल्या मनात म्हणाले. नऊ वर्षांची माझी ऐट मी त्या क्षणी सोडायला तयार होते.

केसरने वही मिटली. टेबलापाशी आली, आणि तिने स्वतःच मला उचलून वाजवले.

"गुरुजी, ह्ये खोटं हाय," ती म्हणाली. "त्यो रडला न्हाय. झापड काढल्यावर त्याला सरळ रस्ता दिसला. नऊ वर्सं गोल फिरत व्हता, त्यो सरळ चालत सुटला. मागं वळून बघितलंपन न्हाय. मला राग आला त्याचा. मी त्याला शिव्या दिल्या, आनि मग दोन दिस जेवले न्हाय."

वर्गात कुणी हसले नाही. साहेब म्हणाले, "मुली, हे लिहून काढ. बोललीस तसेच लिही." केसरला नादारी मिळाली.

मास्तर निवृत्त होताना मला तिच्या स्वाधीन करून गेले. आता ती दिघीच्या शाळेत बाई आहे. माझा लोलक झिजलाय, आवाज बसका झालाय. मुलांनो, मला भिऊ नका, एवढीच माझी विनवणी. केसरबाईसुद्धा मला भीत नाहीत. दर सोमवारी त्या फळ्यावर स्वतःचे चार-सहा ओळींचे काही लिहितात आणि मला पोरांपुढे ठेवतात.

परवा त्यांनी लिहिले, "मला शिकवण्यासाठी माझे वडील हसत हसत राबले." पुढे बसलेली जनी बराच वेळ फळ्याकडे बघत होती. मग तिने भीत भीत मला उचलले आणि जरासे हलवले.

"बाई, माझा बा राबतो, पन हसत न्हाय."

केसरबाई फळ्याकडे वळल्या. पदराने त्यांनी 'हसत हसत' तेवढे पुसून टाकले.