लेकाने लिहिलेलं माझं मरण

माझ्या लेकाने मला तिसऱ्याच ओळीत मारलं.

बातमी घेऊन आल्या शेजारच्या वहिनी. तुरुंगात हल्ली कैद्यांना लिहायला शिकवतात, त्यांच्या लिखाणाचा अंकही निघतो. तो वहिनींनी कुठूनसा पैदा केला होता. "अहो, तुमच्या मुलाची गोष्ट छापून आलीय!" म्हणत त्या दारातूनच वाचत आत आल्या. गोष्टीतली आई कपडे शिवणारी, चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणारी. म्हणजे मीच. आणि लगेच पुढे, 'आई गेली तेव्हा उजाडायचं होतं.' वहिनींचा आवाजच बसला. मी म्हटलं, "आणा इकडे," आणि अंक मशीनच्या खणात कोंबला. जिवंतपणी स्वतःचं मरण वाचायची हौस कुणाला असते?

पण राग काही जाईना. शर्टाची कॉलर लावताना सुई बोटात गेली, तीही त्याच्याच नावावर जमा केली. दर महिन्याला दोन बस बदलून, कुरकुरते गुडघे ओढत मी याला भेटायला जाते, काचेअलीकडचा फोन कानाला लावून बसते, आणि हा मला मारून मोकळा! तेही छापून!

खरं सांगायचं तर दुखलं ते वेगळंच. त्याची शिक्षा अजून बरीच बाकी आहे, आणि माझं काय बाकी आहे ते मला ठाऊक आहे. ही वजाबाकी आम्ही दोघंही कधी तोंडाने करत नाही. मी जाईन तेव्हा घरात एकटीच असणार आणि त्याला ते कुणीतरी नंतर सांगणार, या विचाराने माझा जीव रोज एकदा तरी गोळा होतो. तेच त्याने चव्हाट्यावर मांडलं असं मला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात वाचनाचा कार्यक्रम होता आणि घरच्यांना बोलावलं होतं. चांगलं खडसवायचं ठरवूनच मी गेले.

जेवणाच्या मोठ्या खोलीत बाकं जमिनीला ठोकलेली. आम्ही पाहुणे एका बाजूला, लिहिणारे दुसऱ्या बाजूला. आधी एका धिप्पाड माणसाने सुतारखात्यात येणाऱ्या मांजरीवर लिहिलेलं वाचलं. एवढा दांडगा गडी, पण ओळीवर बोट ठेवून वाचत होता. मग माझा लेक उठला. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड फुगवून छताकडे.

"आई गेली तेव्हा उजाडायचं होतं," त्याने तिसरी ओळ वाचली.

"मी इथे बसलेय!" माझ्या तोंडून निघालंच.

सगळी खोली हसली. दारातला शिपाईसुद्धा मिशीत हसला. लेकाचे कान लाल झाले. त्याने कागद जरा जवळ धरला आणि पुढची ओळ वाचली.

"मी तिच्या उशाशी होतो."

नेमकी ही पुढची ओळच माझी ऐकायची राहिली होती.

गोष्टीत तो सुटून घरी आला होता. मी अंथरुणाला खिळलेली आणि तो माझी अर्धवट कामं पुरी करायला मशीनवर बसलेला. मी पडल्या पडल्या शिवणीला नावं ठेवतेय, तो उसवून पुन्हा घालतोय. चमच्याने पाणी पाजतोय. 'आईने विचारलं, जेवलास का? मी हो म्हटलं. मग तिने काही विचारलं नाही.' डोक्यावर बल्ब जळत होता आणि तो सकाळपर्यंत माझा हात हातात घेऊन बसून होता. त्याला कुणीही परत बोलवायला आलं नाही.

मी रडले. लपवलं नाही आणि लपवायचं सुचलंही नाही.

नंतर चहासाठी आम्हाला शेजारी शेजारी बसू दिलं. मध्ये काच नाही म्हटल्यावर मी आधी त्याची कॉलर सरळ केली.

"रागावलीस?" त्याने विचारलं.

"एक चूक आहे तुझ्या गोष्टीत."

"कुठली?"

"रात्रभर दिवा चालू ठेवलास. वीजबिल कोण भरणार, तुझे इथले साहेब? आणि मला उजेडात झोप येते का कधी?"

तो हसला. "इथे रात्रभर दिवा असतो, आई. मालवतच नाहीत. लिहिताना खूप आठवून पाहिलं, पण आपल्या खोलीतला अंधार कसा असतो तेच आठवेना."

मी म्हटलं, "पेन्सिल आहे ना? घे लिहून."

मी सांगत गेले. आधी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. मग मशीनचं चाक दिसायला लागतं, मग खुंटीवरचे लोकांचे शर्ट. दाराखालून जिन्यातल्या उजेडाची एक पट्टी येते. नळ गळत असतो, कितीदा वॉशर बदलला तरी. तो कागदाच्या मागे भराभर लिहीत होता.

"पण मग मला तुझा चेहरा दिसायचा नाही," तो म्हणाला.

"हात हातात आहे ना? पुरे झालं."

शिपायाने टाळी वाजवून वेळ संपल्याचं सांगितलं. लोक उठायला लागले. लेक मात्र पेन्सिल धरून तसाच बसला होता.

"अजून काही बदलायचं?"

"नाही. बाकी सगळं मला हवं तसंच आहे." जे इतकी वर्षं ओठांवर येऊ दिलं नव्हतं ते आता आपसूक आलं. "आणि समज, नाहीच जमलं तुला यायला, तरी त्या रात्री तू कुठे बसलायस ते मला ठाऊक असेल."