डाव्या हाताची गाठ

आगरवेळच्या किनाऱ्यावर सूर्य आपोआप मावळत नाही. माणसांच्या सावल्यांना बांधून तो पाण्यात उतरवावा लागतो. मुकुंदराव टिपणिसांना ही पद्धत वाजवी वाटली. एवढे वजन विनाआधार सोडल्यास समुद्राचे काय होईल, हे आयुष्य यंत्रशाळेत घालवलेल्या माणसाला कुणी सांगावे लागत नाही.

ते आणि वामन हेर्लेकर सकाळच्या एसटीने आले होते. दोघे तंत्रनिकेतनातले वर्गमित्र. सूर्यास्त पाहायचा आणि सातच्या शेवटच्या गाडीने परतायचे, हा बेत वामनचा.

वाळूच्या वरच्या अंगाला खुंटांची रांग होती. रिवाज सोपा होता. आपली सावली आपण बांधायची नाही, सोबत्याने बांधायची. सूर्य अर्धा बुडाला की त्यानेच सोडायची. सोडली नाही, तर माणूस हळूहळू सावलीत उतरतो आणि दोर होऊन तिथेच राहतो. रात्रभर सूर्याला धरून ठेवायला असा एक कायमचा दोर लागतोच.

"इलंस रे वामना?" खुंटांपाशी बसलेल्या म्हातारीने विचारले. "उशीर केलंस. चाळीस वर्सां झाली."

"माणूस चुकताय, आजी. आम्ही पहिल्यांदाच येतोय."

"तुझं तोंडच तसलं," मुकुंदराव म्हणाले. "कुठेही गेलास तरी जुनं गिऱ्हाईक वाटतोस."

म्हातारी हसली नाही.

पाच वाजता सावल्या पुरेशा लांबल्या. ओली चादर उचलावी तशी वामनने मुकुंदरावांची सावली टोकाकडून उचलली आणि खुंटाला वेढे देऊ लागला.

"फार आवळू नकोस रे."

"सैल गाठ म्हणजे अर्धा अपघात. मास्तर काय म्हणायचे, विसरलास? गप उभा राहा."

"मास्तर तुझ्या बोटांवर पट्टी मारायचे, तेही सांग की."

वामन डावखुरा. त्याचे वेढे उलटे पडत आणि शेवटचे टोक तो वरून न घेता खालून खोचत असे. पट्टीचे वळ उठले, गाठ बदलली नाही. अख्ख्या तुकडीत तशी गाठ दुसऱ्या कुणाची नव्हती.

"तुझी सावली?"

"माझी राहू दे. गुडघा दुखतोय."

सूर्य उतरू लागला. मुकुंदरावांच्या घोट्यांना ओढ लागली. ती सुखाची होती. त्यांनी सहज मान वळवली. शेजारच्या खुंटाला एक जुनी सावली बांधलेली होती. काथ्यासारखी तपकिरी झालेली, मधे मधे उसवलेली. तिच्या दुसऱ्या टोकाला माणूस नव्हता. ती वाळूवरून सरळ समुद्रात गेली होती. सावलीच्या अंगात कार्यशाळेचा अंगरखा, खिशात घडीची फूटपट्टी. वेढे उलटे होते. टोक खालून खोचलेले होते.

"वामन, हा सदा आहे."

"हो."

सदा त्यांच्याच तुकडीतला. त्याचे लग्न मुकुंदरावांच्या बहिणीशी, सुधाशी, ठरले होते. आठ दिवस उरले असताना तो मस्कतला पळून गेला, ही बातमी वामननेच आणली होती. सुधा तशीच राहिली. दर दिवाळीला वामन सदाचे पत्र वाचून दाखवी आणि मुकुंदराव दर दिवाळीला एकच उत्तर देत, "त्याला कळव, तो आम्हाला मेला."

"आणि ती पत्रं?"

"मीच लिहायचो. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"चाळीस वर्षं मी त्याला शिव्या घातल्या, वामन. तू समोर बसून फराळ करत होतास."

"दोर झिजला की ज्याने बांधला त्यानेच नवा आणून द्यायचा, असं आहे इथे," वामन म्हणाला. "मला दुसरं आहे कोण, मुकुंदा?"

सूर्य अर्धा बुडाला.

"सोड."

वामनने घड्याळ पाहिले. "गाडी सातची आहे."

मुकुंदरावांचे गुडघे सावलीत उतरले. क्षितिज त्यांच्या छातीशी आले, मग हनुवटीशी. ते एकसारख्या गतीने बुटके होत होते आणि मागे सावली तेवढीच भरत होती. त्यांनी हात लांबवला. सावलीचा हात खुंटाशी पोचला, बोटांना गाठ सापडली आणि आयुष्यभर ज्या बाजूला ओढून गाठी सोडवल्या त्याच बाजूला बोटांनी ओढले. उलटी गाठ आवळली.

वामनने शेजारच्या खुंटावरून सदाला सोडवले, मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे तळवा आणि कोपर यांवरून नीट गुंडाळले आणि जेवणाचा रिकामा डबा बाजूला सारून पिशवीत ठेवले.

"सुधाला..." मुकुंदराव म्हणाले. आवाज वाळूत सपाट उमटला.

"सांगतो ना," वामन म्हणाला. "मस्कतला गेलास म्हणून सांगतो."

थांब्यावर गाडीचा भोंगा वाजला. पाण्याखालून सूर्याने, नवे दावे जोखणाऱ्या बैलासारखा, एक हिसका दिला.