शिजायच्या आत

जन्मताना मी कढईशी हरलो.

आमच्याकडे बाईच्या कळा घट्ट झाल्या की अंगणातल्या चुलीवर मोठी कढई चढते, तिच्यात मेंढीचं मांस पडतं आणि शर्यत लागते. आधी पोर येतं की आधी मांस शिजतं. पोटातल्या पोराला रश्श्याचा वास जातो, आपल्याला सोडून सगळे जेवायला बसणार हे त्याच्या ध्यानात येतं आणि ते पाय उचलतं, अशी त्यामागची कल्पना. माझ्या वेळी मांस शिजलं, पाहुणे जेवले, ताटल्या धुऊन झाल्या, कढई भिंतीला पालथी टेकवली आणि मग मी आलो. गेली सव्वीस वर्षं आई मला हे सांगते आहे. शाळेला उशीर झाला की सांगायची, बस चुकली की सांगायची. स्वतःच्या लग्नात मी वेळेवर पोचलो, तेव्हाही तिने सांगितलं, पाहुण्यांना माझी प्रगती कळावी म्हणून.

याउलट आमचे हेडमास्तर पाण्याला उकळी फुटायच्या आत जन्मले. पुढे त्यांनी आयुष्यात काही केलं नाही, पण करायची गरजही उरली नव्हती. लग्नकार्यात अजून त्यांना वरच्या जागेवर बसवतात.

म्हणून एप्रिलातल्या त्या सकाळी माझ्या बायकोला, उलजानला, पहिली कळ आली तेव्हा आईने आधी माझ्याकडे पाहिलं. या खेपेला तरी, ती म्हणाली.

खरं म्हणजे उलजान तालुक्याच्या दवाखान्यात जाणार होती. बॅग आठवडाभर दाराशी भरून ठेवली होती. पण डोंगरावरचा बर्फ वितळला, ओढा फुगला आणि पुलापलीकडचा भराव वाहून गेला. पूल जागेवर होता, फक्त तो आता कुठे जात नव्हता. मग मी रौशान आपांना घेऊन आलो. त्यांनी तीस वर्षं गावच्या आरोग्य केंद्रात बाळंतपणं केली. निम्म्या गावाला त्यांनी जन्मल्या जन्मल्या उलटं धरून पाठीत धपाटा घातलेला आहे, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणी आवाज चढवत नाही.

त्यांनी पोटावर लाकडी नळी टेकवून ऐकलं. डोकं खाली आहे, ठोके छान पडताहेत, पहिलटकरीण आहे तेव्हा वेळ लागेल, म्हणाल्या. मात्र शेवटी फार रेंगाळलं तर वाट बघत बसायचं नाही, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत निजवून ओढ्यातून सरळ तालुक्याला न्यायचं. कधीपर्यंत थांबायचं, असं मी विचारलं. त्यांनी खिडकीतून चुलीकडे हात केला.

"मांस शिजेपर्यंत," त्या म्हणाल्या.

मी ओढा बघून आलो. पाणी घोड्याच्या पोटाला लागत होतं. दाराएवढा एक बर्फाचा तुकडा माझ्यासमोरून वाहत गेला आणि त्याच्यावर कुणाची तरी कोंबडी बसली होती. ती घाबरलेली दिसत नव्हती. मी दिसत होतो. उलजानला कळा येत असताना या पाण्यातून न्यायचं, हे काही केल्या माझ्या डोक्यात बसेना. त्या घटकेपासून मला एवढंच कळत होतं, की मांस शिजता कामा नये.

माझ्या वडिलांनी, म्हणजे बाबांनी, ट्रॉलीत गवत पसरलं, वर चार रजया अंथरल्या आणि ट्रॅक्टर चालू करून ठेवला. तो चालूच ठेवावा लागतो. एकदा बंद पडला की पुन्हा सुरू व्हायला त्याला उतार लागतो आणि आमचं गाव तव्यासारखं सपाट आहे. बाबा बोलणारे गृहस्थ नव्हेत. ट्रॅक्टरवर बसून ते समोर बघत राहिले, जणू निघालेलेच आहेत.

दुपारपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. उलजान घरभर फिरत होती. कळ आली की खिडकीच्या चौकटीवर डोकं टेकून कंबर डुलवायची, कळ गेली की पत्ते खेळायला बसायची. सहा डाव खेळलो, सहाही ती जिंकली. बाळंतपण म्हणजे एवढंच असेल तर लोक उगाच बोभाटा करतात, असं मी म्हणालो. यावर रौशान आपांनी आईला कढई चढवायला सांगितलं.

त्यानंतरची उलजान मी आधी कधी पाहिली नव्हती. एक कळ गेली न गेली तोच दुसरी. ती थरथर कापायला लागली, मग ओकली, मग घामाघूम होऊन म्हणाली की गार पडतंय आणि लगेच म्हणाली की शाल काढा. मी पाठ चोळायला गेलो तर हात लावू नको म्हणाली. हात काढला तर का काढलास म्हणाली. मग अचानक अगदी शांत झाली आणि तिने बूट मागितले.

"कुठे निघालीस?" मी विचारलं.

"माहेरी. मला हे नाही जमत. तुमचं तुम्ही बघून घ्या."

आमचं म्हणजे नेमकं काय, हे विचारायची ती वेळ नव्हती. तिने एक बूट चढवलाही. रौशान आपांचा चेहरा मात्र एकदम उजळला. बायका माहेरी निघाल्या की पोर दाराशी आलं समजायचं, त्या म्हणाल्या. आपण स्वतः चाळीस वेळा बायकांच्या पायातले बूट काढलेत, असंही त्यांनी सांगितलं.

आता आणखी एक सांगायला हवं. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. मरेपर्यंत घेत नाही. तेच नाव गावात दुसऱ्या कुणाचं असलं तरी त्यालाही ती "आपल्या बाबांच्या नावाचे" म्हणते. उलजान या बाबतीत फार कडक. दोन वर्षांत तिच्या तोंडून चूक झाली नव्हती आणि आई ही गोष्ट शेजारणींनी न विचारताही त्यांना सांगायची.

पुढची कळ आली. उलजान गुडघ्यांवर बसली, एका पायात बूट, छताच्या तुळईतल्या कडीला बांधलेला दोर दोन्ही हातांनी धरलेला, आणि खिडकीबाहेर ट्रॅक्टर धडधडत होता. कळ ओसरली तशी ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "त्या ओराझबायला सांगा, ते डबडं बंद कर म्हणावं."

आईच्या हातातली गोवरी खाली पडली. अंगणातून बाबांचा आवाज आला, "हो हो." आणि ट्रॅक्टर बंद झाला.

छान शांतता पसरली. त्या शांततेत मला आणि बाबांना एकाच वेळी उमगलं, की तो आता सुरू होणार नाही. बाबांनी किल्ली फिरवली, ट्रॅक्टर खोकला. दुसऱ्यांदा फिरवली, खोकलाही नाही. मग ते खाली उतरून शेजाऱ्यांचे बैल मागायला गेले.

म्हणजे मांस शिजलं तर जायचं आणि जायला ट्रॅक्टर नाही. मी कढईपाशी गेलो आणि आई आत वळताच तिच्यात बादलीभर गार पाणी ओतलं. उकळी बसली. आई बाहेर आली, कढईकडे बघितलं आणि चार गोवऱ्या आणखी घातल्या, कारण चुरस नसेल तर पोर आळशी निघतं आणि तिला एक आळशी पुरे होता. ती आत गेली की मी दोन गोवऱ्या ओढून पाण्यात बुडवायचो, ती बाहेर आली की फुंकून फुंकून जाळ करायची. धुराने शेजारचा कुत्रा गाव सोडून गेला. घटकाभरात कढईत निम्म्या गावाला पुरेल एवढा रस्सा झाला होता.

उलजान आता जोर लावायला लागली होती. ओरडण्याचा आवाज बदलला होता. आता तो जड लोखंडी कपाट एकटीने हलवणाऱ्या माणसाचा आवाज होता. मधूनच रौशान आपा खिडकीतून डोकं काढायच्या.

"मांस शिजलं का रे?"

"कच्चं आहे, आपा."

थोड्या वेळाने पुन्हा.

"अजून?"

"जनावर म्हातारं होतं, आपा."

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज मला फारच काळजीचा वाटला. मी आणखी एक बादली ओतली.

मग आत काहीतरी धाडकन पडलं. मी पळीसकट धावलो. दोर बांधलेली कडी तुळईतून उपटून आली होती आणि उलजान जमिनीवर दोन्ही हात टेकून, मान वर करून दोराकडे बघत होती, जणू तो याच लायकीचा आहे हे तिला आधीपासून माहीत होतं. आमच्याकडे पुरुष अशा वेळी आत येत नाहीत. रौशान आपांनी माझी मान धरली आणि मला तिच्यासमोर गुडघ्यांवर बसवलं. तुळई नाही तर तू, म्हणाल्या. तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि पुढची कळ आली. माझ्या मानेतून असा आवाज आला, की क्षणभर आपांनी मलाच तपासलं.

"पळी खाली ठेव," उलजान म्हणाली.

मी ठेवली. तिचं कपाळ माझ्या कपाळाला टेकलेलं होतं. मला होणार नाही, ती हळूच म्हणाली. होतंय, आपा खालून म्हणाल्या, केस दिसताहेत, काळेभोर. मग उलजान किंचाळली की आग होतेय, चरचरतंय. आपांनी ताबडतोब सांगितलं की आता जोर लावू नकोस, अजिबात नाही, गरम रश्श्यावर फुंकतेस तसं नुसतं फुंक. ती फुंकायला लागली. मीही फुंकायला लागलो.

"तू नको," आपा म्हणाल्या.

पण मी थांबलो नाही. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडावर फुंकत होतो, तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या गालावर उडत होतं, आणि कढईपाशी एकट्या राहिलेल्या आईला आता कुणी अडवणारं नव्हतं. खिडकीबाहेर जाळ तुळईएवढा उंच दिसत होता. डोकं आलं. आपांनी बाळाच्या मानेभोवती बोट फिरवून नाळ नाही ना ते बघितलं, ठीक आहे म्हणाल्या. आणखी एक कळ, आणि उरलेलं सगळं एकदम सळकन घसरून आलं, निळसर, ओलं आणि रागावलेलं. घरात ते रडलं, त्याच क्षणी अंगणात आई म्हणाली, "शिजलं."



मुलगी होती. आपांनी तिला उलजानच्या उघड्या छातीवर ठेवलं, वर शाल टाकली. धपाटा घालावा लागला नाही. मी हात जोडून म्हणालो, आपा, बरं झालं तुम्ही मांसासाठी थोडं थांबलात, नाहीतर ट्रॅक्टर बंद होता. त्यांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. वेळ मी यात बघते, म्हणाल्या, आणि पोर तर दर कळेला पुढे सरकतच होतं. मग मांसाचं मी कशाला विचारत होते? सकाळपासून चहावर आहे मी.

बाबा दोन बैल घेऊन आले. आत नेऊन त्यांना नात दाखवली. उलजानने शरमेने शाल तोंडावर ओढून माफी मागितली.

"असू दे," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "वीस वर्षं झाली, कुणी नावाने हाकच मारली नव्हती."

एवढं बोलून दमल्यामुळे ते खाली बसले.

आता उरला निकाल. कुणी जिंकलं, हे सांगण्याचा अधिकार आईचा, कारण मागच्या वेळचा निकालही तिच्याच तोंडी होता. तिने कढईतून मांडीचा एक तुकडा काढला. तो ताटलीपर्यंत येईतो हाडावरून गळून पडला. तिने तो तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला. चघळण्यासारखं त्यात काही नव्हतं. ती नातीकडे बघत होती.

"कच्चं आहे," आई म्हणाली.

रौशान आपांनी तिसरी ताटली पुढे केली आणि म्हणाल्या की होय, बरंच कच्चं आहे. बाबांनी हाड चोखून मान हलवली. उलजानने रस्सा पिऊन त्यात फार पाणी असल्याचं सांगितलं, ते मात्र खरं होतं.