मी, डोरीनचा डावा बूट

मी डोरीनचा डावा बूट बोलतोय. उजवाही आहे, पण त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलेलं नाही.

आम्ही ऑर्गन वाजवायचे बूट. तळवा पातळ, टाच बेताची. रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. कापडी पिशवीतून चर्चला जायचं, पिशवीतूनच घरी यायचं. इंग्लंडातल्या लिंकनशायरमधल्या आमच्या गावात डोरीन लग्नाआधीपासून ऑर्गन वाजवतेय.

त्या ऑर्गनला पायाने दाबायच्या पट्ट्या आहेत. त्यातली अगदी डाव्या टोकाची मुकी. दाबली की पाईपातून नुसतं फुस्स. म्हणून प्रार्थनागीताच्या शेवटी मी तिच्यावर अधांतरी थांबतो आणि डोरीनचा नवरा सिरिल पहिल्या बाकावरून तो स्वर घशातून काढतो. "हूंऽऽ". गावात कुणाला यात काही वावगं वाटत नाही.

मग नवे पाद्री आले. म्हणाले, "डोरीनबाई, ईस्टरपासून प्रमाणपत्राशिवाय ऑर्गनवर बसता येणार नाही. नाहीतर बटण दाबलं की आपोआप वाजणारं यंत्र आणू. ते चुकतही नाही."

डोरीन घरी येऊन रडली. मग चहा प्यायली आणि परीक्षेला नाव दिलं.

परीक्षेत स्वरलिपीची पानं उलटायला आपला माणूस नेता येतो. तिने सिरिलला नेलं, तिथेच घोळ झाला. परीक्षेतला ऑर्गन ठणठणीत होता, एकही पट्टी मुकी नाही. शेवटची ओळ आली आणि मी सवयीने अधांतरी थांबलो. सिरिलने सवयीने "हूंऽऽ" केलं. अगदी मनापासून.

परीक्षकांनी चष्मा काढला. "परीक्षा नक्की कोणाची आहे?"

नापास!

परतताना बसमध्ये डोरीन म्हणाली, "मेल्या, तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला?"

"तू थांबलीस ना गं!"

"मी कुठे? पाय थांबला."

म्हणजे खापर माझ्यावर.

ईस्टरआधी आणखी एकच परीक्षा होती. या खेपेला सिरिलला समोरच्या चहाच्या दुकानात बसवलं. शेवटची ओळ आली. मी अधांतरी. वाट पाहिली, कुणी गुणगुणेना. मग डोरीनने मला खाली आणलं आणि जन्मात पहिल्यांदा तो स्वर मी वाजवला. भरदार, सुरेल, सिरिलपेक्षा कितीतरी बरा. मला मुळीच आवडला नाही. डोरीनलाही नसावा, कारण बाहेर येईपर्यंत ती डोळे पुसत होती.

पास झाली. पाद्री एकदम खुशीत. "आता तो मुका पाईप दुरुस्त करूनच टाकू."

"आधी छताचं बघा," डोरीन म्हणाली.

"छत गळत नाहीये."

"गळेल."

तेव्हापासून छताचंच चाललंय. माझा तळवा पार झिजलाय, शिवण उसवलीय, पण नवे बूट घ्यायचं ती नाव काढत नाही. वाचकहो, तुमच्यात कुणी पाईप दुरुस्त करणारा असेल, तर कृपा करून आमच्या गावाकडे फिरकू नका. बाकीच्यांनी जरूर या. फक्त शेवटच्या ओळीनंतर लगेच उठू नका. सिरिलला हल्ली दम लागतो, स्वर यायला वेळ लागतो. डोरीन थांबते. मीही थांबतो.