जेवणाआधी एक काम

बालवाडीच्या बाईंचा नियम साधा होता. दुपारच्या जेवणाआधी कुणा परक्या माणसाचं एखादं काम आपल्या हातानं करायचं, मगच घास तोंडात घालायचा. घरच्यांचं केलेलं त्यात धरायचं नाही. घरच्यांचं तर करायचंच असतं, त्यात कसला आलाय नियम? आणि कुणाच्या हातावर पैसे ठेवून सुटकाही करून घ्यायची नाही. लेक पोटात होती तेव्हा बाईंनी हे देवाला आपणहून सांगितलं होतं. देवानं काही मागितलं नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर नियम मोडायची पंचाईत. मागितलेलं एक वेळ चुकवता येतं. स्वतः पुढं होऊन देऊ केलेलं चुकवलं, तर संध्याकाळी दिवा लावताना तोंड कसं दाखवायचं?

एरवी हे काम सकाळीच उरकायचं. बसथांब्यावर कुणाचं पोर सांभाळ, कुणाला पत्ता वाचून दाखव. आज मात्र लेकीनं त्यांना दारातूनच गाडीत घातलं आणि थेट मॉलच्या तळघरात आणून उतरवलं.

"आई, आजच्या दिवस नियमाला सुट्टी दे ना," लिफ्टमध्ये शिरता शिरता लेक म्हणाली.

"सुट्टी मला असते गं, त्याला नसते."

"हसू नकोस. मी लग्न करणार आहे त्या मुलाची आई वकील आहे. आज पहिल्यांदा भेटतेयस तू तिला, जेवायला तिनं बोलावलंय. त्याच्या मोठ्या भावाचं ठरत होतं ना, तेव्हा मुलीकडची माणसं ताटाला हात न लावता उठली. त्याच्या आईनं तो अपमान मनाला असा लावून घेतला, की ती सोयरीक तिथंच संपली. तू नुसती बसून राहिलीस तर माझंही तेच होईल."

"कशाला बसून राहीन? अजून वेळ आहे. एवढी माणसं आलीत इथं, कुणाचं ना कुणाचं काही अडलं असेलच. तू वर जा, मी आलेच."

बाईंना खात्री होती. मॉल म्हणजे तरी काय, छपराखालचा बाजार. आणि बाजारात माणसाला माणूस लागतोच.

त्यांनी पदर खोचला आणि निघाल्या. दोन्ही हातांत खोकी घेतलेली एक बाई दाराकडे येत होती. बाई दार धरायला धावल्या, तर दार आपोआप बाजूला सरकलं आणि बाईंचा हात हवेत राहिला. पुढं एक माणूस बाबागाडी घेऊन सरकत्या जिन्याशी घुटमळत होता. बाई गाडीचं पुढचं टोक धरायला वाकल्या, तेवढ्यात शेजारची लिफ्ट उघडली आणि तो आत गेलासुद्धा. स्वच्छतागृहात एका मुलीचे हात साबणानं भरलेले दिसले. नळ सोडून द्यावा म्हणून बाई पुढं झाल्या, तर नळ स्वतःच सुरू झाला.

"सगळं आपापलं करतं की हे," बाई आरशातल्या स्वतःला म्हणाल्या. "माझ्यासाठी काही ठेवलंच नाही."

बाहेर एक म्हातारे गृहस्थ तीन पिशव्या सावरत चालले होते.

"आजोबा, एक इकडे द्या."

आजोबांनी तिन्ही पिशव्या छातीशी धरल्या. "का? तुम्ही कोण?"

"कुणी नाही."

"मग पिशवी कशी देऊ?" असं म्हणून त्यांनी पावलं अशी काही उचलली की बाई बघतच राहिल्या. पिशव्या जड नव्हत्या म्हणायच्या.

कपड्यांच्या दुकानात मात्र बाईंचा जीव भांड्यात पडला. मधल्या मोठ्या टेबलावर स्वेटरांचा नुसता उकिरडा झाला होता. बाह्या लोंबताहेत, गळे उलटे. विकणाऱ्या मुली पलीकडं गिऱ्हाइकांत गुंतलेल्या. बाईंनी एकेक स्वेटर उचलला, झटकला, घडी घातली. लालावर लाल, निळ्यावर निळा. बालवाडीतली दप्तरं लावून लावून हात असा बसला होता की टेबल बघता बघता देवघरासारखं लखलखीत झालं.

"अहो काकू! हे काय केलंत?" दुकानातली मुलगी धावत आली.

"राहू दे गं, आभार नकोत."

"आभार कसले! सेलचा ढीग आहे तो. आम्ही सकाळी मुद्दाम विस्कटलाय. घड्या दिसल्या की लोक हात लावत नाहीत, ढीग दिसला की तुटून पडतात. मॅनेजर बघतील आता!"

बाईंनी टेबलाकडं पाहिलं, मुलीकडं पाहिलं. मग दोघी हसत सुटल्या आणि दोघींनी मिळून घड्या मोडल्या. विस्कटण्यात बाईंचा हात काही बसेना. आपणच वाढवलेलं काम आपणच निस्तरलं, ते कामात कसं धरणार? पर्समधला फोन वाजायला लागला होता.

वरच्या मजल्यावरच्या हॉटेलात काचेशेजारी टेबल होतं. वकीलबाईंचे केस आखूड, आवाज खणखणीत, चष्मा सतत नाकावरून घसरणारा. मुलगा उठून उभा राहिला. वरून थंड वारा येत होता, त्या जागेवरून त्यानं लेकीला उठवलं आणि तिथं स्वतः बसला. "हिचा कान दुखतो वाऱ्यानं," एवढंच म्हणाला, तेही आपल्या आईला. बाईंनी ते पाहिलं.

सूप आलं. तिघांनी चमचे उचलले. बाईंनी रुमाल मांडीवर पसरला, नीट केला, पुन्हा पसरला.

"घ्या ना," वकीलबाई म्हणाल्या. "आवडत नाही का? दुसरं मागवू?"

"वास छान येतोय."

"मग?"

टेबलाखाली लेकीनं पायावर पाय दिला. वकीलबाईंनी चमचा खाली ठेवला. त्यांचा चेहरा बदललेला लेकीला दिसला, बाईंनाही दिसला. मग बाईंनी सरळ सांगून टाकलं. नियम, दार, नळ, आजोबा, स्वेटर, सगळं.

मुलगा हसू दाबत होता. वकीलबाई मात्र पुढं झुकल्या, जणू कोर्टात उभ्या होत्या.

"परकं म्हणजे कोण? व्याख्या सांगा."

"ज्याचं केलं नाही तर मला कुणी जाब विचारणार नाही, ते."

"झालं तर मग! मी परकी. आपण आजच भेटतोय. हा चष्मा बघा, सकाळपासून स्क्रू ढिला झालाय. एवढा घट्ट करा आणि जेवायला लागा." त्यांनी चष्मा बाईंच्या पुढ्यात ठेवला. "नियमही राहिला, सूपही गरम आहे."

लेकीनं पटकन सुरी आईच्या हाताशी सरकवली. किती सोपं होतं! बाईंनी चष्मा उचलला, काडी हलवून पाहिली आणि तसाच हातात धरून बसल्या.

"ते नाही चालायचं," त्या हळूच म्हणाल्या.

"आई!" लेक कळवळली.

"का नाही चालायचं?" वकीलबाईंचा आवाज चढला. "आमचं काम करायचंही कमीपणाचं आहे का?"

"अहो, काम करतेच की." बाईंनी सुरीचं टोक स्क्रूच्या खाचेत घातलं आणि सावकाश फिरवलं. "पण तुम्ही परक्या नाहीत. मघाशी तुमच्या लेकानं वाऱ्याची जागा स्वतः घेतली, तेव्हाच मी मनात हो म्हणून टाकलं. आता तुम्हाला परकं म्हणून जेवले, तर ते हो खोटं पडेल. आणि त्याच्यासमोर खोटं बोलायची माझी छाती नाही." त्यांनी वर बोट केलं आणि चष्मा पुढं सरकवला. "हा घरचा म्हणून केला. घाला बघू, बसतो का."

वकीलबाईंनी चष्मा घातला. तो बसला. त्यांनी मान खाली घालून, हलवून पाहिली, तरी तो घसरला नाही.

"म्हणजे होकार समजायचा?" मुलानं विचारलं.

"होकारच. जेवण मात्र राहिलंय अजून."

वकीलबाई खुर्ची मागं सारून उठल्या. "चला. तुम्ही जेवल्याशिवाय मी जेवणार नाही आणि भूक तर मला मरणाची लागलीय. तुम्ही दोघं बसा रे इथं."

"मम्मी, तू कुठं?"

"परकं माणूस शोधायला!"

खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत वकीलबाईंचं दोघातिघांना हटकून झालं होतं. "काही अडलंय का तुमचं? नक्की? विचार करून सांगा." माणसं लगबगीनं वाट बदलत होती.

"असं दरडावून नाही विचारायचं," बाई म्हणाल्या. "नुसतं ऐकायचं."

म्हणून त्या एका दुकानापाशी नुसत्या उभ्या राहिल्या. आणि आतून, कपडे घालून बघायच्या खोलीतून, बारीक आवाज आला. "कुणी आहे का हो बाहेर?"

ड्रेस भलताच तंग होता. पाठीवरची चेन अर्ध्यावर कापडात अडकली होती आणि आतल्या बाईंचे दोन्ही हात वर राहिले होते. ओढला तर फाटणार. हाक मारावी तर दुकान गाण्याच्या आवाजानं भरलेलं.

"श्वास सोडा. आणखी सोडा," बालवाडीच्या बाई म्हणाल्या. "पोरांच्या जर्किनच्या चेन रोज सोडवते मी. तुमच्याकडं ओठांना लावायचं काही आहे का?" हे वकीलबाईंना.

वकीलबाईंनी पर्स उपडी करून लिप बाम काढला. बाईंनी तो चेनच्या दातांवर चोळला, अडकलेलं कापड नखानं बाजूला घेतलं. वकीलबाईंनी दोन्ही कडा जवळ आणून धरल्या. चेन खाली सरकली.

"देवासारख्या आलात!" आतली बाई दमून स्टुलावर बसली. "तुम्ही दोघी बहिणी का?"

"विहिणी," वकीलबाई म्हणाल्या.

बाहेर पडताना मात्र त्यांना शंका आली. "कडा मी धरल्या होत्या. अर्धं काम माझं झालं. उद्यापासून रोज मलाही करावं लागणार का हे?"

"तुम्ही कुठं काही कबूल केलंय? माझ्या आणि त्याच्यातला करार आहे तो. पण वाटलं तर करा, अडवणार कोण?"

वर मुलांनी सूप झाकून ठेवलं होतं, तरी ते निवलंच होतं. वकीलबाईंनी वेटरला हाक मारली, "अरे, हे जरा गरम करून आण." वेटर येऊन बघतो तर बाईंची वाटी रिकामी झाली होती आणि त्या पाव मागत होत्या.