बांधावरचा सराटा

कल्याणप्पानं एका हातानं कंबर दाबत सराट्याचा वेल म्हाळसाबाईंच्या अंगणात टाकला. त्याचा मुलगा विरेश मागं जीप चालूच ठेवून बसला होता.

"काढा करून द्या, काकू. मुतखड्यानं जीव जायची पाळी आलीय."

"कुठनं आणलास?" म्हाळसाबाईंचं सूप काही थांबलं नाही.

"माझ्याच बांधावरनं."

माझ्याच म्हणे! दर साली नांगर वीतभर आत घालून या बहाद्दरानं म्हाळसाबाईंचा बांध कोरत आणला होता. उरलेली हातभर पट्टीही आपलीच, असं तो सोमवारी पंचांपुढं सांगणार होता. स्वतःच्या रानात तणनाशक मारून मारून त्यानं गवताची काडी ठेवली नव्हती. सराटा उरला होता तो त्या पट्टीवरच, कारण म्हातारीनं तिथं फवारा कधी लागू दिला नाही. लाज नावाची चीज नव्हती मेल्याला.

"मालकाला इचारून काढलास?"

"मालक मीच की."

"मग ने घरी आन् पी उकळून. गुण यायचा न्हाय. सराटा दुसऱ्याच्या रानातला लागतो, त्यो बी मालकाला मागून. आपल्या रानातला म्हंजे नुसतं काट्याचं पाणी."

कल्याणप्पा काही बोलणार, तोच कळ आली. मिशीला पीळ देऊन तामलवाडीभर हिंडणारा गडी उकिडवा बसला. कीव यायला हवी होती. म्हाळसाबाईंना आली नाही.

"अप्पा, सोलापूरला जाऊ," विरेश म्हणाला.

"जावाच. फोटो काढून बघा खडा केवढा हाय त्यो. पण काढा पायजे तर मागावा लागंल."

समोरच्या ओट्यावर पंच वीरभद्र सुपारी कातरत बसला होता. कल्याणप्पानं तिकडं चोरून पाहिलं.

"काकू... तुमच्या पट्टीवरला सराटा घेऊ का?"

"जीप बंद कर रं विरेश. काय ऐकू येईना."

जीप बंद झाली.

"तुमच्या! तुमच्या बांधावरला, काकू! घेऊ का?"

वीरभद्राचा अडकित्ता थांबला.

"घे की. न्हाय कोण म्हणतंय? सांजच्याला विरेशला धाड काढा न्यायला."

जीप गेल्यावर सून शिवरंजनी वेल उचलून धुवायला बसली.

"आत्या, परवा खालच्या आळीच्या सुरजला त्याच्याच रानातला सराटा उकळून दिलात की. आपल्या रानातला चालत न्हाय, हे म्या कधी ऐकलं नव्हतं."

म्हाळसाबाईंनी पुन्हा सूप उचललं.

"म्या बी आजच ऐकलं."