पडद्यावरचा पूल

पूल मधोमध मोडला तसा म्हातारा वेल्डर खुर्चीतून ताडकन उठला आणि पडणाऱ्या माणसांना झेलायला त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"बाबा, बसा. पडद्यावरचा आहे तो," लेक हसली. "माणसंही खोटीच."

नदीवरच्या नव्या पादचारी पुलाचा आराखडा तिच्याकडे होता, आणि तो दाखवायलाच तिनं वडिलांना ऑफिसात बोलावलं होतं. लोखंडाची एक कांबही अजून कापली नव्हती, पण सकाळपासून हा पूल तिनं संगणकावर वाऱ्यानं मोडला होता, पुरानं मोडला होता. आता गर्दीनं मोडला. जिथं ताण असह्य होई, तिथं लोखंड लाल होत जाई, बाकी निळं राही. तिनं एक तुळई जाड केली, गर्दी पुन्हा सोडली. पूल जरा डुलला आणि निळाच राहिला.

म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला.

"आम्ही आधी बांधायचो, मग देवाचं नाव घ्यायचो. तू तर बांधायच्या आधीच मोडून बघतेस!"

मग तो सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत राहिला.

"आपला जुना पूल... त्याचं सांगेल हे?"

कुठला, ते तिला विचारावं लागलं नाही. त्या पुलाबरोबर काका गेला होता. पुलाचे सांधे बाबांच्या हातचे होते. चौकशीत कुणावरच ठपका आला नाही, पण धाकट्या भावाला पोचवून आल्यावर बाबांनी वेल्डिंगच्या मशीनला हात लावला नव्हता.

"सांगितलंय," ती हळूच म्हणाली. "नोकरीला लागल्यावर पहिलं तेच केलं. तुम्ही कधी विचाराल, याची वाट बघत होते."

पडद्यावर जुना पूल उभा राहिला. पाणी चढलं. मधल्या खांबाच्या तळाशी लाली पसरली. प्रवाहानं तिथली माती खाल्ली होती. खांब कलला, पूल गेला. सांधे मात्र शेवटपर्यंत निळे होते.

म्हातारा वाकला. एकेका सांध्यावर त्यानं बोट ठेवून पाहिलं.

"पाया खोल असता तर?"

तिनं एक आकडा बदलला. पाणी पुन्हा चढलं. पूल थरथरला, पण उभा राहिला. अलीकडच्या काठावरचे माणसांचे ठिपके चालू लागले आणि एकामागून एक पलीकडे उतरू लागले.

लेकीनं पडदा बंद करायला हात पुढे केला.

"थांब गं," तो म्हणाला. "एक मागे राहिलाय अजून."